एक फोटो, दोन शाया: ब्लू नोटच्या दोन रेकॉर्डची कव्हरं

ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड आता नव्याने छापून येतात आणि आपल्याकडेही मागवता येतात. त्यांतल्या दोन मी घेतल्या, दोन्ही सॅक्सोफोनवादकांच्या: एरिक डॉल्फीची ‘आउट टू लंच!’ आणि जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’. आवाज कसा आहे, सुई कुठली, ॲम्प्लिफायर कुठला यावर लिहिणारे जाणकार भरपूर आहेत. मी नारायण पेठेत छपाईचं काम करते. कार्यक्रमांची पोस्टरं, निमंत्रणपत्रिका, स्मरणिका हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः कव्हरचं आहे. ऐकते मीही, आणि मनापासून ऐकते, पण पैसे मोजले ते आधी त्या बारा इंची चौकोनासाठी.

‘आउट टू लंच!’ आधी घेऊ. दर्शनी बाजूला वादकाचा चेहरा नाही, वाद्य नाही, स्टेज नाही. आहे ती दुकानाच्या दारावर लावतात तसली पाटी: मालक बाहेर गेलाय, अमुक वाजता परत येईल. वेळ दाखवायला पाटीवर घड्याळाची तबकडी, काटे हाताने फिरवायचे. या तबकडीला मात्र दोन काटे नाहीत, सात आहेत, आणि सातही वेगवेगळीकडे तोंड करून. सगळा फोटो निळ्या छटेत. फोटो काढला तो कव्हर रचणाऱ्या रीड माइल्सनेच.

रेकॉर्ड लावली की ही पाटी का, ते उमगतं. पियानो नाही, त्या जागी बॉबी हचर्सनचा व्हायब्राफोन, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. टोनी विल्यम्स तेव्हा अवघा अठरा वर्षांचा, पण ड्रमवर सरळ ठेका धरून बसत नाही. रिचर्ड डेव्हिसचा बास आपल्या वाटेने चाललेला, वर फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट आणि डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट. वेळ सगळे पाळतात, पण प्रत्येकाचं घड्याळ निराळं. सात काटे म्हणजे नुसती गंमत नव्हे, आत काय वाजतंय त्याचं ते अचूक चित्र आहे. सांगितिक कव्हर याला म्हणायचं. आमच्याकडे ‘सांगितिक’ म्हटलं की कोपऱ्यात वीणा आणि चार सूरचिन्हं उडवली जातात.

ध्वनिमुद्रण झालं २५ फेब्रुवारी १९६४ला, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. त्याच वर्षी २९ जूनला डॉल्फी बर्लिनमध्ये गेला, वय ३६. रेकॉर्ड बाजारात आली ती त्यानंतर. ती ‘परत येतो’ची पाटी त्यामुळे आज बघवत नाही, असं माझ्या भावाचं म्हणणं. मला ती बघवते, आणि बघावीशीही वाटते.

या कव्हरांची शैली कशी घडली, हे छपाईवाल्यांनी मुद्दाम समजून घ्यावं असं आहे. रेकॉर्डच्या कव्हरवर चित्र असावं ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या कोऱ्या करड्या-तपकिरी पुठ्ठ्याच्या आल्बमात विकल्या जायच्या, कण्यावर काय ते नाव. कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण कलाकाराने चित्राचं कव्हर करून पाहिलं ते १९४०च्या सुमाराला, आणि विक्री वाढते म्हटल्यावर सगळा बाजार त्या वाटेने गेला. १९४८मध्ये लाँग प्ले आली आणि हा चौकोन पक्का झाला.

ब्लू नोट १९३९ची. अल्फ्रेड लायन मूळचा बर्लिनचा, आणि त्याचा तिथलाच जुना मित्र फ्रान्सिस वुल्फ थोड्याच दिवसांत येऊन मिळाला. लायन रेकॉर्डिंग बघायचा, वुल्फ हिशेब सांभाळायचा आणि रेकॉर्डिंग चालू असताना फोटो काढायचा. एका हातात रोलायफ्लेक्स कॅमेरा, दुसऱ्या हातात लांब धरलेला फ्लॅश. म्हणून त्याच्या फोटोंत चेहऱ्यावर एका बाजूने लख्ख उजेड पडतो आणि मागचं सगळं काळोखात बुडतं. त्या काळोखाचा छपाईत किती फायदा होतो! अक्षरं टाकायला आयती काळी जागा मिळते.

१९५६च्या सुमाराला रीड माइल्स आला आणि १९६७पर्यंत त्याने जवळपास पाचशे कव्हरं केली. कव्हरामागे पन्नासएक डॉलर मिळायचे म्हणतात. माइल्सला जॅझची फारशी ओढ नव्हती, त्याचा कान पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे. आत काय वाजलंय, त्या दिवशी हवा कशी होती, हे लायन त्याला सांगायचा, आणि त्यावर तो कव्हर बांधायचा. कंपनी लहान, पैसा थोडा. चार रंगांचं काम परवडायचं नाही, म्हणून काळा आणि जोडीला आणखी एक शाई. वुल्फचा काळा-पांढरा फोटो त्या शाईत भिजवायचा, निर्दयपणे कापायचा, कधी नुसती पट्टी ठेवायची, आणि उरलेल्या जागेत अक्षरं मोठी करून अशी ठेवायची की तीच चित्र व्हावीत. आपले फोटो डोक्यावर कापले जातात म्हणून वुल्फ कुरकुरायचा असं सांगतात. मला त्याचं दुःख कळतं, पण कात्री माइल्सची बरोबर होती.

आज जिला आपण ‘जॅझची शैली’ म्हणतो, ती निळी छटा, ती जाड साधी अक्षरं, तो कापलेला फोटो, तिचा अर्धा उगम या काटकसरीत आहे. उरलेला अर्धा एका माणसाच्या नजरेत.

आता माझ्या हातातल्या प्रतीबद्दल. ‘आउट टू लंच!’ क्लासिक विनाइल मालिकेतली आहे. मूळ टेपवरून केव्हिन ग्रेने मास्टरिंग केलेली (म्हणजे तबकडीसाठी आवाज तयार केलेली), १८० ग्रॅमची तबकडी, जर्मनीत ऑप्टिमल कारखान्यात दाबलेली. कव्हर साधं, एका खिशाचं.

अशी पुनर्मुद्रित कव्हरं हातात आली की मी आधी भिंग काढते. जुन्या रेकॉर्डची मूळ आर्टवर्क, म्हणजे पेस्टअप (फोटो आणि अक्षरं चिकटवून केलेली मूळ मांडणी) आणि निगेटिव्ह, पुष्कळदा उपलब्ध नसतात. मग काही कंपन्या जुनं छापील कव्हरच स्कॅन करतात. छापील फोटो मुळात ठिपक्यांचा. तो स्कॅन करून पुन्हा ठिपक्यांत फोडला की दोन जाळ्या एकमेकींवर येतात आणि फोटोत लहरी उठतात. आम्ही त्याला ‘मॉयरे आला’ म्हणतो. अक्षरांचंही तसंच. ठाशीव काळ्या अक्षराची कड वस्तऱ्याने कापल्यासारखी हवी. स्कॅन केलेल्या अक्षराची कड भिंगाखाली कुरतडलेली दिसते. माझ्याकडे एका दुसऱ्या कंपनीची अशी एक प्रत आहे, तिचं नाव घेत नाही, पण वादकाच्या कोटावर चक्क चटईची वीण उमटली आहे.

डॉल्फीच्या या प्रतीत तसलं काही आढळलं नाही. घड्याळाचे काटे स्वच्छ, पाटीवरची अक्षरं स्वच्छ, सावलीतला तपशील बुजलेला नाही. निळा रंग हातात धरून उन्हात नेला, ट्यूबलाइटखाली पाहिला. दोन्हीकडे निळाच राहिला, जांभळ्याकडे झुकला नाही. ज्यांनी निळ्या पार्श्वभूमीची पत्रिका छापून गिऱ्हाइकाच्या हातात दिली आहे, त्यांना या वाक्याची किंमत कळेल. निळ्यात किरमिजी टक्काभर जास्त पडला की संपलं, आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘ताई, हा वांगी कलर कसा झाला?’

‘ब्लू ट्रेन’ वेगळ्या मालिकेतली, टोन पोएट नावाची. ही मालिका २०१९पासून जो हार्लीच्या देखरेखीखाली निघते. ‘ब्लू ट्रेन’ तीत २०२२मध्ये आली. एक मोनो आवृत्ती आहे आणि एक दोन तबकड्यांची स्टिरिओ, त्याच रचना पुन्हा वाजवून घेतलेल्या जास्तीच्या टेकसकट. मी मोनो घेतली. यातलं कव्हर ‘टिप-ऑन’ पद्धतीचं आहे, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण छपाईवाल्याचा जीव इथे रमतो.

हल्लीचं नेहमीचं कव्हर एकाच पांढऱ्या बोर्डावर छापतात, डाय मारून आकारात कापतात, घडी घालतात, कडेला चिकटवतात. काम संपलं. टिप-ऑनमध्ये कागद वेगळा छापायचा आणि मग तो जाड करड्या पुठ्ठ्यावर डकवून कडा आत दुमडायच्या, शाळेच्या पुस्तकाला आपण कव्हर घालायचो तसं. खिशात डोकावलं की आतला करडा पुठ्ठा दिसतो आणि त्यावर दुमडून आलेल्या कागदाची पट्टी. फायदा असा की छपाई पातळ कागदावर होते, शाई चांगली बसते. आणि पुठ्ठा जाड असल्यामुळे कोपरे ठाम राहतात, कणा भरदार येतो. मजुरी वाढते, वेळ वाढतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातला स्टाउटन हा छापखाना या कामासाठी नावाजलेला आहे आणि टोन पोएटची कव्हरं तिथलीच.

दर्शनी फोटो १५ सप्टेंबर १९५७च्या ध्वनिमुद्रणातला: कोल्ट्रेन खाली बघतोय, बोट ओठांशी, विचारात गढलेला. फोटो वुल्फचा. वाजवतानाचा फोटो वुल्फकडे नसेल का? ढीगभर असणार. तरीही वाजवून झाल्यावरचा, किंवा वाजवण्याआधीचा, हा गप्प क्षण निवडला. आपल्याकडे गायकाचा फोटो म्हणजे हात वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले असाच निवडतात. समितीला तोच ‘जिवंत’ वाटतो. कोल्ट्रेनचा हा फोटो साठ-पासष्ट वर्षं टिकला, आणि माझ्या मते तो गप्प आहे म्हणूनच टिकला.

कव्हर दुहेरी उघडतं आणि आत त्याच ध्वनिमुद्रणाचे वुल्फचे फोटो, मोठे, न कापलेले. इथे मला वुल्फला न्याय मिळाल्यासारखं वाटलं. बाहेर माइल्सची कात्री, आत वुल्फची पूर्ण चौकट. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. रचना शिकणाऱ्या मुलांना कापणं म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

ब्लू नोटच्या दर्शनी बाजूवर आणखी एक गोष्ट असते जी मला फार आवडते: रेकॉर्डचा क्रमांक. ‘ब्लू नोट १५७७’ असं ठसठशीत, शीर्षकाच्या जोडीला. दुकानदाराच्या सोयीचा आकडा, पण लपवलेला नाही, रचनेत धरलेला. साथीदारांची नावंही तशीच. ब्लू नोटच्या बऱ्याच कव्हरांवर ती दर्शनी बाजूलाच असतात. आपल्याकडच्या किती जुन्या रेकॉर्डवर तबलजीचं नाव शोधायला कव्हर उलटावं लागतं, आणि उलटूनही सापडत नाही! हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही, हा हक्काचा प्रश्न आहे. पोस्टर करताना मी साथीदारांची नावं मुख्य कलाकाराच्या निम्म्याहून लहान करत नाही, आणि त्यावरून वाद झाला तर घालते.

या शैलीची नक्कल जगभर चालू आहे. कुठल्याही शहरातल्या जॅझच्या कार्यक्रमाचं पोस्टर बघा: फोटोला निळी नाहीतर नारिंगी छटा, जाड अक्षरं एकावर एक रचलेली, कडेला एक पट्टी. दोन शायांची अडचण आता नाही, डिजिटलवर रंग फुकट आहेत, पण रूप तेच. रूप घेतलं याला माझी हरकत नाही. हरकत याला की कारण घेतलं नाही. माइल्सची प्रत्येक युक्ती त्या त्या रेकॉर्डपुरती होती. हबर्डच्या ‘हब-टोन्स’वर पियानोच्या पट्ट्यांसारख्या उभ्या काळ्या पट्ट्या आहेत आणि त्यांतली एकच खाली सरकलेली, जणू कोणी दाबली. जो हेंडरसनच्या ‘इन अँड आउट’वर सगळं काम अक्षरांचं, आणि ‘आय’च्या टिंबात हेंडरसनचा चेहरा. ती युक्ती दुसऱ्या रेकॉर्डला चालणार नाही.

देवनागरीत ही नक्कल करायला गेलं की आणखी एक अडचण येते. रोमन अक्षरं एकावर एक घट्ट रचता येतात. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार सांभाळायचे असतात. दोन ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. शिरोरेघ मात्र आपली आहे. ती धरून सरळ पट्टी मिळते, तिला फोटोची कड लटकवता येते, तिच्या खाली सगळं टांगता येतं. माइल्सकडून घ्यायचं ते हे: आपल्या अक्षरात काय आहे ते बघणं.

एका संगीत मंडळाच्या दिवाळी पहाटचं पोस्टर माझ्याकडे आलं होतं. नेहमीची यादी: दोन कलाकारांचे फोटो एकाच मापाचे, पणत्या, आकाशकंदील, प्रायोजकांचे रंगीत लोगो, मागे सोनेरी झळाळी. मी यादी बाजूला ठेवून एकच गोष्ट मोठी केली, ‘५:३०’. गडद निळ्यावर पिवळा आकडा, अर्धं पोस्टर व्यापणारा, कारण पहाटेच्या कार्यक्रमाला लोकांच्या लक्षात राहायला हवी ती वेळ. मंडळाचे एक काका म्हणाले, ‘अहो ताई, फोटोच नाहीत, मग कोण गाणार ते कळायचं कसं?’ त्यांचं म्हणणं रास्त होतं. तेव्हा हेंडरसनचं ते टिंब आठवलं. ‘५:३०’मधल्या दोन टिंबांत दोन गायिकांचे चेहरे बसवले. लोगो सगळे एका रंगात, खाली एका ओळीत. काकांनी पोस्टर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘चालेल. पण टिंबं जरा मोठी करा.’ टिंबं मोठी केली, आणि पोस्टर आणखी चांगलं दिसलं.

फोनवरच्या ॲपमध्ये कव्हर आता नखाएवढं दिसतं. त्या मापाला बहुतेक नवी कव्हरं चिखल होऊन जातात. ‘आउट टू लंच!’ त्या मापालाही ओळखू येतं: निळा चौकोन, पांढरी पाटी, तबकडी. ‘ब्लू ट्रेन’ही. सात काटे मात्र मोजायला रेकॉर्डच हातात घ्यावी लागते, आणि मागच्या बाजूचा मजकूर वाचायलाही. त्या काळी मागे चांगला हजारभर शब्दांचा लेख असायचा, कोण वाजवतंय, कुठली रचना कशावरून. डॉल्फीची ‘हॅट अँड बिअर्ड’ पियानोवादक थेलोनियस मंकसाठी आणि ‘गॅझेलोनी’ इटालियन बासरीवादक सेवेरिनो गॅझेलोनीसाठी, असली माहिती ॲप देत नाही.

आपल्या श्रोत्यांसाठी एक धागा सांगून ठेवते. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये कोल्ट्रेनने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, तेव्हा सोबत बेस क्लॅरिनेटवर डॉल्फी होता. कोल्ट्रेनने मुलाचं नाव रवी ठेवलं ते रविशंकरांवरून. ज्यांना जॅझ परका वाटतो त्यांनी ‘इंडिया’ ऐकून मग या दोन रेकॉर्डकडे यावं.

किंमतीचं बोलायचं तर दोन्ही आयात माल, त्यामुळे भाव डॉलरबरोबर हलतो. क्लासिक विनाइल मालिका तुलनेने परवडते, टोन पोएट तिच्याहून बरीच महाग. फक्त गाण्यासाठी घेणाऱ्याला पहिली पुरेशी आहे. पुठ्ठा, कागद, फोटो यांवर जीव असलेल्याने दुसरीसाठी पैसे साठवावेत. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६मध्ये बंद झाल्यापासून आधी हातात घेऊन, उलटून पाहून घेण्याची सोय फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ऑनलाइन मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच लिहा की तबकडी कव्हरबाहेर काढून, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवा. वाटेत आदळआपट झाली की तबकडीची कड आतून कणा फाडते, आणि टिप-ऑनचा फाटलेला कणा पुन्हा नीट डकवता येत नाही.

आपल्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून बाहेरून प्लास्टिकची पिशवी हवीच. ती पीव्हीसीची घेऊ नका. काळानुसार ती चिकट होते, शाईला धरते आणि तबकडीवरही धुरकट डाग पाडते. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, तोंड उघडं ठेवा, रेकॉर्ड उभ्या ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं लांब. श्रावणात एखाद्या कोरड्या दुपारी बाहेर काढून वारा द्या.

दोन्हींतली एकच घ्यायची असेल तर रचनेच्या विद्यार्थ्यांनी डॉल्फीची घ्यावी, छपाईवाल्यांनी कोल्ट्रेनची.